बोडीवरची बारी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी बोडीवरचा, गावाच्या छोट्या तळ्यावरचा, पंप बंद पडला.

आवाज असा काही झाला नाही. ऑइल इंजिन बंद पडतं तेव्हा धापा टाकतं, धूर ओकतं, अर्ध्या गावाला कळतं. हा पंप मुळातच गुणगुणत चालायचा. गुणगुण थांबली, पाइपाच्या तोंडातून पडणारी धार बारीक झाली आणि थेंबांवर आली. धानाच्या दुसऱ्या बांधीत, खाचरात, पाय रोवून उभ्या असलेल्या पुंडलिकरावांना पायाशी वाहणारं पाणी थांबल्याचं आधी जाणवलं. त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि बोडीच्या पाळीकडं, मातीच्या बांधाकडं, तोंड करून सुनेला हाक मारली, "खुशबू वं! पानी काहून बंद केलं?"

"मी नाही केलं, मामाजी. आपोआप झालं."

खुशबू लाकडी पेटीपाशी उकिडवी बसली होती. पेटीत तिनं स्वतः जोडलेली बॅटरी होती. ई-रिक्षात दोन वर्षं चाललेले सोळा लिथियम सेल, पितळी पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले, आणि त्यांच्या कडेला तळहाताएवढी एक पाटी. ही पाटी म्हणजे बीएमएस. सोळा सेलांपैकी एकाचंही काही बिनसलं की ती सगळा प्रवाह तोडते. सासूबाईंना समजावून सांगताना खुशबूनं तिला चौकीदार म्हटलं होतं, तेव्हापासून घरात तिचं तेच नाव पडलं. पेटीच्या अंगाला भोक पाडून चौकीदाराचा दिवा बाहेर काढला होता. सकाळपासून तो हिरवा होता. आता लाल होता.

पार्‍यावर, म्हणजे बोडीच्या पाळीवर, सेवकरामनं खिशातला मोबाईल काढून वेळ पाहिली. पाण्याची बारी पाहण्याचं काम त्याच्या घराण्यात आजोबापासून होतं. लाल चिंधी बांधलेली बांबूची काठी ज्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रोवलेली असेल त्याची त्या दिवशी बारी, सकाळी आठ ते दुपारी दोन. आणि उपसा अर्धा तास बंद राहिला की काठी उपटून पुढच्याच्या धुऱ्यावर. इंजिन बिघडल्याचं सोंग करून बारी अडवून ठेवणारे पूर्वी पुष्कळ झाले, तेव्हापासूनचा हा नियम. त्यावर कधी भांडण झालं नव्हतं. बोडीत पाणी होतं तोवर भांडणाची गरजही पडली नव्हती.

"नऊ बेचाळीस," सेवकराम म्हणाला. "दहा बारापर्यंत तुमचं."

खुशबूनं पंपाची वायर काढली, थोडं थांबून पुन्हा लावली. दिवा लालच. झाकण उघडलं, वाट पाहिली. वीस मिनिटांनी दिवा हिरवा झाला, पंप गुणगुणला, धार आली. पुंडलिकराव लगबगीनं बांधीत उतरले. चार मिनिटांनी पुन्हा सगळं शांत.

त्या लाल दिव्याची एक मोठी खोड होती. सेलाचा दाब उतरला, करंट जास्त गेला, पाटी तापली, कुठलीही तक्रार असो, दिवा एकच. महागाच्या पाट्या मोबाईलवर कारण सांगतात. ही सांगत नव्हती.

तेवढ्या वेळात शेजारच्या शेताचे यादोराव आपलं इंजिन घेऊन पाळीवर आले होते. पुढची बारी त्यांची. त्यांचाही धान निसवायच्या, लोंब्या टाकायच्या, बेतात होता, त्यांचीही ढेकळं भेगाळली होती. हँडल हातात धरून ते पेटीकडं बघत राहिले.

"मोबाईलवर गाने आयकाले ठीक हाय, बाई," ते म्हणाले. "धान पिकवाले धूर लागते."

"धूर काढायचा असता तर चूल आणली असती, काकाजी," खुशबू म्हणाली. पण हात थांबले नव्हते, आणि मान वर झाली नव्हती.

दहा बाराला सेवकरामनं काठी उपटली. अशी मधली चार मिनिटं नियमात धरत नसत.

त्यानंतरचा तास पुंडलिकरावांना जड गेला. यादोरावांचा पाट यांच्या दुसऱ्या बांधीच्या धुऱ्याला लागून जात होता. इंजिनाचं पाणी भरभरून त्यातून निघालं आणि एका ठिकाणी खेकड्याच्या बिळातून यांच्या बांधीत पाझरू लागलं. धार करंगळीएवढी. भेगाळलेली माती ती चुपचाप पीत होती. पुंडलिकरावांनी ती पाहिली, आजूबाजूला पाहिलं. पाळीवर सेवकराम बसला होता, तोही पाहत होता. पुंडलिकराव खाली बसले, हातानं चिखल कालवला, गोळा केला आणि आपल्याच बांधीत येणारं पाणी बंद केलं. मग बिळावर टाच दाबून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"घट्ट झालं काय?" यादोरावांनी पलीकडून विचारलं.

"झालं," पुंडलिकराव म्हणाले.

*

पुंडलिकरावांची एक एकर जमीन, पाच बांध्या, एकाखाली एक. वरची भरली की तिच्यातून खालची. उन्हाळी धान निसवायला लागला होता. लोंब्या पोटरीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. या आठवड्यात पायाखाली पाणी राहिलं नाही तर लोंबी बाहेर येईल, पण दाणा भरणार नाही. विजेचे खांब बोडीपर्यंत कधी आलेच नव्हते, म्हणून सगळ्यांचा उपसा इंजिनावर. यांच्या जुन्या इंजिनाचा दांडा गेल्या वर्षी मोडला. तो पुन्हा बसवायच्या ऐवजी बॅटरी बनवू, रात्री घरच्या विजेवर चार्ज करू, हे खुशबूनं ठरवलं होतं. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये ती इलेक्ट्रिशियन झाली होती, लग्नाआधी वर्षभर नागपुरात ई-रिक्षाच्या बॅटऱ्या जोडत होती. ठरवलं ते तिनं, पटवलं ते तिनं. नवरा अमर कापणीच्या मशीनवर बालाघाटकडं होता, महिनाअखेरपर्यंत यायचा नव्हता.

पेटी बैलबंडीवर चढवून घरी आणली. दोघांनी मिळून उचलावी लागे, पंचावन्न किलोच्या वर भरत होती. पडवीत ठेवताना पुंडलिकरावांची कंबर धरली आणि ते भिंतीला टेकून बसले ते बसलेच.

खुशबूनं झाकण काढलं. आत सगळा कोंडा. राईस मिलमधला, पिवळा, कोरडा, पेटीच्या कडेपर्यंत दाबून भरलेला. बंडीच्या हादऱ्यांनी सेल हलू नयेत म्हणून काहीतरी भरा, असं तिनंच मामाजींना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते काम मन लावून केलं होतं. तिनं दोन्ही हातांनी कोंडा ओरपून टोपलीत काढला, फुंकर मारली, मीटर घेतलं.

सासूबाई, गोदावरीबाई, चुलीपुढून उठून आल्या. "चौकीदार झोपला काय?"

"चौकीदार जागा आहे, आई. तो कोनाच्या तरी नावानं ओरडून राहिला. कोनाच्या, ते शोधतो."

एकेका सेलावर तिनं मीटरची टोकं ठेवून व्होल्टेज मोजलं. तीन पूर्णांक एकतीस. तीन पूर्णांक एकतीस. सोळाच्या सोळा सारखे. शाळेच्या रांगेतली पोरं असावीत तसे. मग पाटीत जाणाऱ्या बारीक वायरींचा कनेक्टर काढून तिथं मोजलं. प्रत्येक सेलाची खबर पाटीला देणारी एकेक वायर असते. सातव्याची वायर सांगत होती, तीन पूर्णांक शून्य आठ.

सेल ठीक, खबर खोटी.

तिनं सातव्या सेलावरची चकती बोटानं हलवून पाहिली. ती हलली. नट ढिला होता, खाली हिरवट काळा गंज चढला होता. खुशबूला हायसं वाटलं आणि रागही आला, कारण तो नट तिनंच आवळला होता.

रात्रीच्या जेवणाआधी अमरचा फोन आला. बाजूला मशीन घरघरत होतं.

"भाड्यानं इंजिन घे ना वं. शनवारी बारी आहे, कायले रिस्क घेतं?"

"गावात मोकळं इंजिन कोनाकडं आहे? सगळ्यायचे बोडीवर लागले."

"मग काकाजीले विचार."

"यादोरावकाकाजीले?" ती हसली. "त्यायनं तर आजच धुराचा भाव सांगितला मले. बिघाड सापडला आहे. वायर ढिली होती."

बुधवारी सकाळी तिनं भंडाऱ्याला सुगतला फोन केला. नागपुरात दोघं एकाच बाकावर बॅटऱ्या जोडत. आता त्याचं स्वतःचं ई-रिक्षा दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हे सेलही त्यानंच निवडून दिले होते.

"वायर सापडली ना? मग घास, नवी चकती लाव, आन लोडवर चालवून पाह्य," सुगत म्हणाला. "पन तासभर तरी चालव. पाच मिनिटं चालली म्हनून नाचू नको."

"मी कधी नाचली?"

"नागपुरात तू पहिली बॅटरी बनवली तवा आख्ख्या दुकानाले चहा पाजला. अन् ती बॅटरी संध्याकाळी वापस आली."

"ती रिक्षावाल्यानं पान्यात घातली होती!"

"हो, हो. बॅटरी कधीच चुकत नाही, अन् तूही नाही."

तिनं सातवाच काय, सोळाही जोड उघडले. काचकागदानं घासून पितळ उजळलं, नव्या चकत्या बसवल्या, नट आवळून प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. हलला तर ठिपका तुटलेला दिसेल. बोटांची टोकं काळी झाली आणि दुखायला लागली. भाकरीचा तुकडा मोडतानाही ती दुखत होती.

गुरुवारी दुपारी अंगणातल्या टाक्यात पंप सोडला. टाक्यातलंच पाणी उपसून पुन्हा टाक्यात. पेटी पडवीत उघडी, मीटर शेजारी, मोबाईलवर घड्याळ. एक तास झाला. दीड तास. गोदावरीबाई येऊन दिव्याकडं बघत आणि "हिरवा हाय" असं सांगून जात. दोन तास दहा मिनिटांनी खुशबूनं स्वतःच्या हातानं पंप बंद केला.

"पाहा, मामाजी," ती म्हणाली. "आता आपन थांबवला तर थांबला."

पुंडलिकराव पडवीत कंबरेला गरम विटेचा शेक देत पडले होते. त्यांनी मान हलवली. शुक्रवारी संध्याकाळी ते स्वतःहून उठले, टोपलीतला कोंडा आणला आणि पेटीत भरला. या वेळी आणखी दाबून. कोपरे बोटांनी ठासले, वर तळहातानं सपाट केलं, झाकण लावलं, वर दोरी आवळली.

*

शनिवारी काठी पुन्हा यांच्या धुऱ्यावर होती. सेवकरामनं ती रोवली, आणि बोडीत उतरून खुणेच्या दगडापाशी पाणी पाहिलं. मंगळवारी दगडाचं डोकं दिसत होतं. आज दगड पूर्ण उघडा होता आणि त्याच्याभोवती चिखलाचा पट्टा होता.

"पुंडलिकभाऊ," वर येताना तो म्हणाला, "पुढच्या बारीचं मी कोनालेच सांगत नाई. आज मारून घ्या काय ते."

बरोबर आठला पंप सुरू झाला. सव्वानऊला पहिली बांधी भरली. मंगळवारचा ओलावा तिला उपयोगी पडला होता. पुंडलिकरावांनी दुसरीचं तोंड फोडलं. नऊलाच ऊन असं होतं की पेटीच्या पत्र्याच्या झाकणावर हात ठेववत नव्हता. लांबवर मोहाच्या झाडाखाली गोदावरीबाई फुलं वेचत होत्या, सुपात पाखडून टोपलीत टाकत होत्या. यादोराव आजही आले होते. इंजिन आणलं होतं.

नऊ छत्तीसला पंप थांबला.

खुशबू दिव्याकडं बघत राहिली. लाल. क्षणभर तिला वाटलं, आपण मंगळवारीच बसलो आहोत आणि मधले तीन दिवस झालेच नाहीत.

"नऊ छत्तीस," सेवकराम म्हणाला. त्याला ते बोलणं आवडलेलं दिसलं नाही. "दहा सहापर्यंत."

तिनं दोरी सोडली, झाकण काढलं, वरचा कोंडा बाजूला सारून सेलांची डोकी उघडी केली. मीटर लावलं. तीन पूर्णांक सत्तावीस. सत्तावीस. सत्तावीस. घाई केली असती तर टोक घसरलं असतं, म्हणून ती प्रत्येक आकडा ओठांनी पुटपुटत होती. सातवा: सत्तावीस. सोळावा: सव्वीस. मग कनेक्टरपाशी वायरी मोजल्या. सगळ्या खरं बोलत होत्या. नेलपॉलिशचा एकही ठिपका तुटला नव्हता.

नऊ सत्तेचाळीस.

पुंडलिकराव चिखलाचे पाय घेऊन वर आले. "कोनता मेला?"

"कोनताच नाही, मामाजी. सगळे ठनठनीत आहेत."

"मग थांबला काहून?"

तिनं मीटरची टोकं पुन्हा सातव्यावर ठेवली. यादोराव जवळ आले, हँडल जमिनीवर टेकवून उभे राहिले.

"माहं आयक, बाई. सेल चांगले हायत ना? मग त्या चौकीदाराले काढून टाक. वायर घे, डायरेक्ट पंपाले जोड. माह्या साल्यानं ट्रॅक्टरचं असंच केलं."

पुंडलिकरावांनी सुनेकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते वाचायला अवघड नव्हतं. वायरचा एक तुकडा, दोन आवळलेले नट, आणि तीन मिनिटांत पाणी. तुकडा तिच्या पिशवीत होताही.

"ट्रॅक्टरची बॅटरी वेगळी, काकाजी," खुशबू म्हणाली. "हिले चौकीदाराबिगर चालवली अन् आतून पेटली, तर इझवाले ही बोडी पुरनार नाही. तो तोडून राहिला म्हनजे त्याले काहीतरी दिसून राहिलं. मले दिसत नाही, एवढंच."

"अर्ध्या तासात दिसन काय?"

"एकोनीस मिनिटं आहेत अजून."

तिनं मीटर खाली ठेवलं. तिनं मन एका जागी आणलं. मंगळवारी एक तास बेचाळीस मिनिटं. आज एक तास छत्तीस. घरी दोन तास दहा मिनिटं, आणि तेही आपणच थांबवलं. तोच पंप, तेच सेल, तीच पाटी. घरी नव्हतं आणि इथं आहे असं काय?

पाटीचा मुख्य जोड राहिला होता तपासायचा. पाटी सेलांच्या कडेला उभी बसवली होती, तिची ॲल्युमिनियमची पाठ पेटीच्या भिंतीकडं. तो भाग अजून कोंड्यातच होता. खुशबूनं हात आत घातला. मनगटापर्यंत कोंडा निवांत, कोमट. बोटं पाठीला लागली आणि ती "आई गं" करून मागं पडली. चार बोटांची टोकं तव्याला लागावीत तशी भाजली.

तिनं बोटं तोंडात धरली आणि पेटीकडं पाहिलं. मग पुंडलिकरावांकडं.

"मामाजी, कोंडा काहून भरला होता तुमी?"

"तूच तं म्हनली, हलू नोको द्या."

"हो. पन कोंडाच काहून? धानाची तनीसही होती, पोतेही होते."

पुंडलिकराव गोंधळले. "बाई, ऊन किती हाय! थंड राहावं म्हनून. जत्रेतल्या बर्फवाल्याले पाह्यलं नाई काय? कोंड्यात ठेवते तो लादी. तीन तीन दिवस बर्फ इरघळत नाई. आपल्या घरी अंडे कोंड्यात, आलू कोंड्यात..."

"बर्फ थंड असते, मामाजी. कोंडा बाहेरची गरमी आत जाऊ देत नाही." तिचा आवाज चढला, रागानं नव्हे. "बॅटरी आतून गरम होते. ती गरमी कोंडा बाहेरही येऊ देत नाही! घरी मी रोज कोंडा काढूनच पाहत होती. उघडी होती म्हनून चालली. इथी आपन तिले गोधडीत गुंडाळून उन्हात बसवली. चौकीदार तापून राहिला, आन तापला की तोडून राहिला. काढा, काढा सगळा कोंडा!"

ती दोन्ही हातांनी उपसू लागली. भाजलेली बोटं झोंबत होती. पुंडलिकराव गुडघ्यांवर आले. ज्या हातांनी काल कोपरे ठासले होते त्याच हातांनी कोपरे उकरू लागले. कोंडा पाळीवर उडत होता, घामाला चिकटत होता, सेवकरामच्या धोतरावर बसत होता. पेटी रिकामी झाली तेव्हा नऊ चोपन्न झाले होते. पाटीच्या पाठीवरची हवा उन्हात थरथरताना दिसत होती.

"पानी टाकू काय वरून?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"थेंबही नाही! सावली करा. अन् हवा."

आरडाओरडा ऐकून गोदावरीबाई मोहाखालून आल्या होत्या, सूप हातात, सुपात अजून फुलं. त्यांनी उघडी पेटी पाहिली, कोंड्याचा ढीग पाहिला, नवऱ्याच्या दाढीत अडकलेला कोंडा पाहिला.

"अंड्यासारखी कोंड्यात घातली होती जनू," त्या म्हणाल्या. "पिल्लं निघतीन वाटलं काय तुमाले?"

सेवकरामला हसू आवरलं नाही. पुंडलिकरावांनी बायकोकडं पाहिलंच नाही.

"आई, सूप द्या," खुशबू म्हणाली.

"तू सरक. तुह्या बोटाले लागलं हाय." गोदावरीबाईंनी मोहफुलं पदरात ओतली, पेटीच्या तोंडाशी बसल्या आणि सूप चालवायला लागल्या. चाळीस वर्षं धान पाखडलेला हात होता तो. झटका लहान, पण वारा असा की पेटीच्या तळाचा उरलासुरला कोंडाही उडून बाहेर आला. पुंडलिकरावांनी बंडीवरचा बांबूचा तट्टा काढून आणला आणि सावली पडेल असा दोन्ही हातांनी वर धरला. कंबर वाकडी करून उभे राहिले.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. ऊन, सुपाचा फटफट आवाज, आणि लाल दिवा.

नऊ अठ्ठावन्न. खुशबूनं हाताची पाठ ॲल्युमिनियमजवळ नेली. अजून चटका.

"किती थंड व्हाले पायजे?" सेवकरामनं विचारलं.

"मले ठाऊक नाही. त्याले ठाऊक आहे."

दहा वाजले. यादोरावांनी इंजिनात डिझेल पाहिलं, झाकण लावलं. नियमाप्रमाणं दहा सहाला त्यांनी हँडल मारलं असतं तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. ते परत येऊन सेवकरामच्या शेजारी उभे राहिले आणि त्याच्या मोबाईलमध्ये डोकावले.

दहा दोन. तिनं पुन्हा हात नेला. आता तळवा टेकवून तीनपर्यंत मोजता आलं. दिवा लाल. गोदावरीबाईंच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबला होता, पण सुपाची चाल मोडली नव्हती.

"सेवक, चार झाले काय?" यादोरावांनी विचारलं.

"होऊन राहिले."

"तुही घडी बरोबर हाय ना? माह्यात अजून तीनच हायत."

सेवकरामनं दोन्ही मोबाईल शेजारी धरले. "तीनच म्हनू मग."

दिवा हिरवा झाला. कुणी काही बोलायच्या आत पंप गुणगुणला, पाइप फुगला, दोनदा खोकल्यासारखी हवा आली आणि मग पाणी. पुंडलिकरावांच्या हातातला तट्टा हलला. बांधीकडं धावायचं की सावली धरायची, त्यांना कळेना.

"तट्टा रोवा अन् जा," खुशबू म्हणाली. "इथी मी आहे."

यादोरावांनी हँडल इंजिनाच्या चाकाला टेकवून ठेवलं आणि खाली बसले. थोड्या वेळानं त्यांनी कोंड्याच्या ढिगातून एक मूठ उचलली, मुठीत फिरवली.

"बर्फ तं राहते याच्यात," ते म्हणाले. "मीही हेच भरलं असतं."

"मलेही कुठं कळलं होतं," खुशबू म्हणाली. "तीन दिवस नट घासत बसली मी."

तिनं पेटीच्या दोन्ही अंगांना चाकूनं भोकं पाडायला घेतली. एका बाजूनं हवा शिरेल, दुसऱ्या बाजूनं निघेल. बोटांवर फोड आले होते. तळव्याच्या जोरावर चाकू फिरवत होती. दर पंधरा मिनिटांनी पाटीच्या पाठीवर हात टेकवून पाचपर्यंत मोजत होती. पाचपर्यंत मोजता आलं की सासूबाईंना थांबायला सांगायची. मोजता आलं नाही की सूप पुन्हा सुरू. अकराच्या पुढं ऊन डोक्यावर आलं तेव्हा सूप थांबेचना. दोघी आळीपाळीनं चालवू लागल्या.

पावणेअकराला दुसरी बांधी भरली होती. बारा वाजून पाच मिनिटांनी तिसरी. मधेच पाटाच्या वळणावर माती खचली आणि पाणी यादोरावांच्या धुऱ्याकडं वळलं. पुंडलिकराव खालच्या टोकाला होते, त्यांना दिसलं नाही. यादोराव उठले, चपला काढल्या, खचलेल्या जागी माती ओढली आणि टाचेनं दाबली. मग परत येऊन आपल्या जागी बसले.

एकच्या सुमारास गोदावरीबाईंचा खांदा आखडला. त्यांनी सूप सेवकरामच्या पुढं टाकलं. "बसल्या बसल्या घडीच पाहतं काय गा? हालव."

"मी बारी पाहनारा हाय, बाई. मी एका बाजूचं काम कसं करू?"

"वारा घालाले कोनाची बाजू लागते?"

सेवकराम हसला, पण सूप त्यानं उचललं नाही. खुशबूनं उचललं.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी चौथी बांधी धुऱ्यापर्यंत भरली आणि पुंडलिकरावांनी पाचवीचं तोंड फोडलं. पाचवी सगळ्यात खालची आणि सगळ्यात मोठी; मंगळवारचा थेंबही तिला मिळाला नव्हता. बारी संपायला बत्तीस मिनिटं होती. बोडीत पंपाच्या तोंडाखाली चिखलापर्यंत वीतभरच पाणी उरलं होतं. दिवा हिरवा होता. खुशबूनं पाटीच्या पाठीवर हात टेकवला, चारपर्यंतच मोजता आलं, आणि तिनं सूप पुन्हा उचललं. खाली पाचवीत पाण्याचा पहिला लोट शिरला, आणि भेगांमधली माती तो जिथल्या तिथं पीत होती.